नाव घातलेली घागर

माझ्या स्वयंपाकघरात एकूण एक भांड्यावर नाव आहे. आमच्याकडं तशी रीतच आहे. भांडं घेतलं की दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडून त्यावर नाव घालून घ्यायचं, मगच ते घरी आणायचं. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडं होतात, ती मग नाव बघून ज्याच्या त्याच्या घरी परत जातात. माझ्या मांडणीवर सासऱ्यांचं नाव आहे, मालकांचं आहे, दिरांचं आहे, आहेर केलेल्या पाव्हण्यांची आहेत. इतकी वर्षं मी ही सगळी नावं घासत आले. माझं नाव कशावरच नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या ध्यानातही कधी आलं नव्हतं.

मी चौथी शिकले. पाचवीसाठी उमरीला जावं लागायचं, आणि तेवढ्या लांब मुलीला कोण पाठवणार? पण माझं अक्षर चांगलं होतं. गुरुजी फळ्यावरची तारीख मला लिहायला सांगायचे. लिही म्हटलं की मी पळत जायची. तेच वाचून दाखव म्हटलं की जागची हलायची नाही. अजून तसंच आहे. मी नांदेडमध्ये दोन मास्तरांच्या घरी पोळ्या करते, आणि तिथं मीठ संपलं तरी तोंडानं सांगत नाही, ओट्यावर चिठ्ठी ठेवते. लेकीची कॉलेजची अर्धी कोरी वही घरात पडली होती. जे मला त्या दिवशी भांड्यांच्या दुकानात म्हणता आलं नाही ते त्या वहीत लिहून ठेवते.

लेकीचं लग्न चाकूरला ठरलं. माझी बहीण लातूरला असते. ती म्हणाली, भांडी लातूरला घ्या, तिकडं माल चांगला मिळतो. म्हणून आम्ही तिघं गेलो, मी, मालक आणि बहीण. बोलायचं सगळं काम बहिणीनं केलं. सगळी भांडी घेऊन झाल्यावर मी एका स्टीलच्या घागरीला हात लावला. मोठी होती, पोट छान गोल, गळ्याशी दोन कंगोरे. ही मात्र मला माझ्या पोळ्यांच्या पैशातून द्यायची होती. मालकांना ते आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळं घागरीची पावती वेगळी झाली आणि ती माझ्या हातात आली. मोठी पावती मालकांच्या खिशात गेली.

नाव घालणारे चाचा बाहेर पायरीवर बसले होते. पांढरी दाढी, नाकावर जाड चष्मा, मांडीवर गोणपाट, हातात विजेचा पेन. बाकीच्या भांड्यांवर काय घालायचं ते मालकांनी सांगितलं. मग घागर पुढं आली.

"हिच्यावर काय लिवू, माय?"

मला काय हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. लेकीचं नाव, त्याखाली 'आईकडून', आणि त्याखाली माझं नाव. पण भोवती पाचसहा गिऱ्हाइकं उभी होती. मालक होते. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगून, हे घाला, असं म्हणायचं म्हणजे काय तरीच.

"जावयाचं नाव घाल ना, त्यात एवढा काय इचार?" बहीण म्हणाली.

मी चाचांच्या कानावरची पेन्सिल मागितली. मागितली म्हणजे बोट दाखवलं. हातातल्या पावतीची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर तीन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडं बघितलं.

"अक्षर लई सुंदर हाय. माझ्या हातानं न्हाई लिवत, तुमचं हाय तसंच्या तसं उतरवतो."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. पेन घर्र करत चालला आणि माझी अक्षरं, माझ्या वेलांट्या, माझा जरा डावीकडं झुकणारा काना, सगळं त्या घागरीवर उमटत गेलं. मी बघतच राहिले. घागर उचलली आणि निघाले. कागद त्यांच्यापाशीच राहिला.

पंचमीला लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. एका हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातानं काखेत धरलेलं मोठं गाठोडं.

"हे काय आणलंस गं?"

"घागर."

"पंचमीला घागर घेऊन येतेत व्हय?" मी थट्टेनं म्हटलं.

ती हसली नाही. तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली आणि म्हणाली, "गळतीय, आई."

चाकूरला नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. तिथं थेंब थेंब गळणं ही लहान गोष्ट नाही. लेकीनं पहिले काही दिवस घागरीखाली ताट ठेवलं आणि कुणाला दिसायच्या आत ते रिकामं केलं. पण एका सकाळी सासूबाईंचा पाय ओल्यात घसरला. त्या बाई वाईट नाहीत. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आईनं दिलेली हाय, टाकू नको. माळ्यावर ठेवून दे."

ते माळ्यावर ठेवणं माझ्या लेकीला लागलं. ती पटकन म्हणून बसली, "आई बदलून आणील. दुकान ओळखीचं हाय."

"ओळखीचं कुठलं गं?" मी म्हटलं.

"आता बोलून बसले मी. चौथ्या दिवशी न्यायला येतेत. तोवर होईल न्हाई?"

तिनं हे विचारलं तेव्हा तिचा चेहरा तीन वर्षांची असताना व्हायचा तसा झाला होता. मी 'हाव' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या घरात तिनं पहिल्यांदाच कशाचा तरी शब्द दिला होता, आणि तो माझ्या जिवावर दिला होता.

मग पावतीचा शोध सुरू झाला. देवामागं बघितलं, तांदळाच्या डब्याखाली बघितलं, कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवलेल्या कागदांत बघितलं. आणि मग आठवलं. मालकांना सांगितलं तसे ते कपाळावर हात मारून म्हणाले, "पावतीवर कुणी लिव्हतं व्हय? पावती म्हंजे काय पाटी हाय?"

त्यांना रजा नव्हती. बहिणीला फोन केला तर ती उदगीरला बारशाला गेलेली. ती हसायलाच लागली. "तू अन् दुकानात भांडणार? बसमदी खिडकी लावा म्हणायला लाजतीस तू. थांब, मी आठ दिवसांनी येते."

आठ दिवस माझ्याकडं नव्हते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पोळ्यांना सुट्टी सांगितली आणि घागर जुन्या पातळात गुंडाळून मी एकटी लातूरच्या बसमध्ये बसले. शेजारच्या आजीनं गाठोडं चाचपून बघितलं.

"काय हाय?"

"घागर."

"घागर घेऊन लातूरला? माय, तिकडं पाणी कुठं हाय?"

सगळी बस हसली. मीही हसले आणि गाठोडं जवळ ओढलं. वाटेत चाकूर आलं. बस स्टँडवर उभी राहिली. व्याह्यांकडचं कुणी चढलं तर काय सांगायचं, म्हणून मी पदर नाकापर्यंत ओढून घागरीवर वाकले. कंडक्टरला वाटलं मला मळमळतंय. त्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. मी मान हलवली. तेव्हा मला त्याचेही आभार मानणं सुचलं नाही.

दुकानात गल्ल्यावर दुकानदाराचा मुलगा होता. तिशीचा असेल. कपाळाला विभूती, कानाला फोन. पायरीवरची चाचांची जागा रिकामी होती, नुसतं गोणपाट घडी घालून ठेवलेलं. मी घागर सोडून पुढं ठेवली.

"बोला, अक्का."

"गळतीय."

"पावती?"

मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर सगळी गोष्ट सांगावी लागणार होती. मी एवढंच म्हणाले, "न्हाई."

त्यानं घागर फिरवली आणि नावावर त्याचं बोट थांबलं. "अक्का, नाव घातलेलं भांडं कुणी परत घेतं का? अन् पावती न्हाई. अशा घागरी गंजगोलाईच्या बाजारात दहा दुकानांत हायेत. कशावरून आमची?"

तो उद्धटपणे बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. पण माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. खोटं बोलतेय असं त्याला वाटतंय, एवढंच मला ऐकू येत होतं. त्यानं तरीही प्यायच्या जारमधलं पाणी घागरीत ओतलं, निम्म्यापर्यंत, आणि ती कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवली. आम्ही दोघं बघत राहिलो. पुठ्ठा कोरडाच.

"कुठं गळतीय?"

स्टीलची घागर दोन तुकड्यांची असते. खालचा अर्धा आणि वरचा अर्धा, पोटावर जोड. लेकीनं मला दाखवलं होतं, गळती त्या जोडाला होती. त्यानं पाणी जोडाच्या खाली दोन बोटं थांबवलं होतं. हे मला दिसत होतं आणि तोंडातून शब्द येत नव्हता. तो पाणी ओतून टाकायला घागर उचलणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "जोडाच्या वर जाऊ द्या."

"आं?"

"पाणी. जोडाच्या वर जाऊ द्या."

आवाज एवढा मोठा निघाला की डबे बघत असलेल्या दोन बाया वळल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जार पुन्हा वाकवला. पाणी जोडाच्या वर गेलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग जोडावर घामासारखा एक थेंब आला, मोठा झाला आणि ओघळला. त्याच्यामागं दुसरा.

"गळतीय," तो म्हणाला. "पण आमची हाय कशावरून?"

मी म्हणाले, "चाचा कधी येतेत?"

"आज शुक्रवार. नमाज झाल्यावर येतील."

मी पाणी ओतून टाकलं आणि घागर घेऊन पायरीवर, त्यांच्या गोणपाटाच्या शेजारी जाऊन बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही. मध्येच त्या मुलानं आतून चहा पाठवला. मी तो घेतला. मनात एकच होतं, चाचांच्या हातून रोज किती भांडी जात असतील, त्यांना माझी घागर कशी आठवणार? आणि त्यांनी नाही म्हटलं तर लेकीला काय सांगू?

चाचा आले. टोपी काढून खिशात ठेवली, चष्मा पुसला आणि माझ्या मांडीवरच्या घागरीकडं बघितलं. माझ्याकडं नाही. आधी घागरीकडं. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे माझ्या हातचं काम हाय, पण अक्षर माझं न्हाई," ते म्हणाले. मग वर बघितलं. "तुम्ही लिवून दिलं होतं न्हाई? पावतीच्या पाठीमागं?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मान हलवली.

"ती चिठ्ठी हाय का, चाचा?" मुलानं आतून विचारलं.

"चिठ्ठ्या कुठं राहतेत, बेटा? त्यानं मी पेन पुसतो." मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, डब्यांच्या खोक्याचा एक तुकडा फाडला आणि माझ्यापुढं धरला. "लिवा, माय. तेच लिवा."

मी गुडघ्यावर खोकं ठेवून लिहिलं. लेकीचं नाव. आईकडून. माझं नाव. काना डावीकडं झुकायचा तो झुकलाच. चाचांनी खोक्याचा तुकडा घागरीला लावून मुलाला दाखवला. मुलगा बघायला लागला, आणि दुकानात आलेल्या दोन बायासुद्धा. एक बाई म्हणाली, "अगं बाई, सेम टू सेम!"

"माझ्या हातानं घातलेलं नाव कुठंबी ओळखू येतं," चाचा म्हणाले. "हे दुसऱ्याच्या अक्षरात घातलंय. असं मी इतक्या वर्षांत एकदाच केलंय. माल आपला हाय."

मुलगा आता मान्य करत होता, पण त्याची अडचणही खरी होती. "चाचा, माल आपला, कबूल. पण नाव घातलेली घागर मी कुणाला विकू? कंपनी घेत न्हाई, गिऱ्हाईक घेत न्हाई. मोडीतच जाणार."

तेव्हा आतल्या गादीवरून त्याचे वडील उठले. इतका वेळ ते तिथं पेपर वाचत होते हे मला दिसलंच नव्हतं. गळ्यात इष्टलिंग, अंगात बंडी, हातात पेपर तसाच. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. अप्पांनी घागरीच्या जोडावरनं बोट फिरवलं.

"चाचा, पितळेच्या वक्ताला आपण काय करत होतो?"

"पाणी भरून दाखवत होतो, अप्पा. गिऱ्हाइकासमोर. मग नाव."

"अन् आता?"

चाचांनी गोणपाट झटकलं.

"आता गर्दी हाय म्हणून आधी नाव घालून मोकळं होतो," अप्पा मुलाकडं बघून म्हणाले. "नाव घातलं म्हणून परत घेत न्हाई म्हणतोस. अरे, नाव आपणच घातलं ना, न बघता? मग चूक कुणाची?"

"पावती न्हाई त्यांच्याकडं, अप्पा."

"पावती त्यांनी आपल्याच माणसाच्या हातात दिली की! काढ नवीन."

मुलगा हसला आणि मागं गेला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला आणखीच बरं वाटलं. नवी घागर आली. अप्पांनी स्वतः तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि ती कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवली. "बसा, अक्का. घाई न्हाई." गिऱ्हाइकं येत राहिली, ती घागर मध्येच उभी राहिली, आणि येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून गेला. पुठ्ठा कोरडाच राहिला.

मग चाचांनी ती रिकामी करून मांडीवर घेतली. खोक्याचा तुकडा त्यांच्या गुडघ्यापाशीच होता, त्यावरनं त्यांना न विचारताही उतरवता आलं असतं. तरीही पेन चालू करायच्या आधी ते थांबले.

"काय लिवू, माय?"

मी सांगितलं. तोंडानं. लेकीचं नाव, आईकडून, आणि मग माझं नाव. पायरीवर बसून, रस्त्यावरनं माणसं जात असताना. चाचांनी मान डोलावली, खोक्याचा तुकडा समोर धरला आणि पेन पुन्हा माझ्याच अक्षरात घर्र करत चालला.

निघताना जुनी घागर गल्ल्याशेजारी मोडीच्या ढिगावर ठेवलेली दिसली. अक्षरं वर होती. माझा पाय उचलेना.

"आणखी काय, अक्का?" मुलानं विचारलं.

"ती मला मोडीच्या भावानं द्या."

"गळकी घागर काय करणार?"

"ज्वारी ठेवीन. ज्वारी काय गळत न्हाई."

तो मोठ्यानं हसला. "अप्पा, बगा! आल्या तवा तोंड उघडत नव्हत्या, आता भाव करायला लागल्या!"

अप्पांनी पेपरमधून डोळे न काढता म्हटलं, "दे. नाव त्यांचंच हाय."

मोडीचा भावसुद्धा घेतला नाही. मला तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. धन्यवाद हा शब्द आमच्या तोंडी नाही, तो भाषणातला वाटतो. मी अप्पांना नमस्कार केला, चाचांना केला, आणि दोन घागरी घेऊन निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की जन्मभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही.

परतीला चाकूर आलं तेव्हा बस बराच वेळ थांबली. मी पदर ओढला नाही. नवी घागर मांडीवर उघडीच होती, नाव खिडकीकडं. कुणी ओळखीचं चढलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

लेक दारातच उभी होती. तिनं घागर घेतली, मोरीत नेली, गळ्यापर्यंत भरली आणि कोरड्या फरशीवर ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसली. मी म्हटलं, "दुकानात भरून बघितलीय." ती म्हणाली, "असू दे." आणि जेवायला वाढेपर्यंत तिथंच बसून राहिली.

चौथ्या दिवशी जावई आले आणि ती घागर घेऊन गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, आज पाणी आलं. सासूबाईंनी स्वतः घागर भरली. मग तिच्याखालून हात फिरवला."

"मग?"

"कोरडा. माठाशेजारी ठेवली त्यांनी. अन् विचारलं, हे अक्षर कुणाचं, छापल्यावाणी दिसतंय."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आईचं."

मी फोन ठेवला आणि दळणासाठी ज्वारी काढायला जुन्या घागरीपाशी गेले.